डाव्या हाताचा पाटा

ज्या घरात आपण जन्मलो त्याच घरात शिरायला तिकीट काढावं लागतं, याच्याइतकी शोभा दुसरी नाही, असं नातालियाचं म्हणणं होतं, आणि ते ती खिडकीतल्या बाईला नीट ऐकू जाईल अशा बेताने बोलत होती.

"मागच्या चौकात राहायचो आम्ही," ती म्हणाली. "तुमचा जन्मही झाला नसेल तेव्हा."

"अरे वा, छान," खिडकीतली बाई म्हणाली आणि तिने दोन तिकिटं पुढे सरकवली. "दहाची फेरी आहे. पिशव्या इथे ठेवायच्या."

नातालियाने पिशवी दिली. तिच्या थोरल्या बहिणीने, एपिफानियानेही दिली, पण त्या पिशवीत एका जुन्या स्वेटरशिवाय काही नव्हतं. जे आणायचं ते तिने घागऱ्याच्या आतल्या खिशांत ठेवलं होतं. दोन लोकोतो मिरच्या, एक टोमॅटो, ओल्या फडक्यात गुंडाळलेली किर्किन्याच्या वासाळ पाल्याची जुडी, पुडीत मीठ, पाच उकडलेले बटाटे आणि औषधाच्या बाटल्यांमध्ये थोडं पाणी, थोडी दारू. डोंगराकडच्या बायकांचे घागरे इतके घेरदार असतात ते काही उगाच नाही.

"हळू चाल," नातालिया कुजबुजली. "बटाटे वाजतील."

"उकडलेले बटाटे वाजत नाहीत, मठ्ठ."

एक चौऱ्याहत्तर वर्षांची, दुसरी एकोणसत्तरची, पण दोघी एकत्र आल्या की पाच मिनिटांत सात आणि दोन वर्षांच्या व्हायच्या. कालची अख्खी रात्र बसमध्ये काढून त्या कोचाबांबाहून वर पोतोसीला आल्या होत्या. खालच्या उबदार हवेत साठ वर्षं काढल्यावर इथला वारा छातीत मावत नव्हता. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून एपिफानियाने गालात कोकाची पानं धरली होती आणि दर वीस पावलांना ती भिंतीवरचं काहीतरी बघायला म्हणून थांबत होती. खरं तर तिला धाप लागत होती. दवाखान्यातल्या डॉक्टरने तिच्या हृदयाचा कागद बघून सांगितलं होतं, "या वर्षी जायचं तर जा. पुढे मात्र पोतोसीला चढायचं नाही. कधीच." म्हणजे आज जे काय व्हायचं ते होणार, नाहीतर राहणार.

काम एवढंच होतं: आईच्या पाट्यावर एकदा चटणी वाटायची.

आता संग्रहालय झालेल्या या टांकसाळीचे त्यांचे वडील रखवालदार होते. नाणी पाडणं बंद पडत आलं होतं, पण एवढ्या मोठ्या दगडी पसाऱ्याला राखायला कोणीतरी हवं, म्हणून मागच्या चौकातल्या दोन खोल्या त्यांना मिळाल्या होत्या. आईने, कासिमिराने, त्यातल्या काजळलेल्या खोलीत चूल मांडली आणि माहेराहून आलेला बातान तिथे बसवला. बातान म्हणजे पाटाच, पण त्याचा वरवंटा लाटत नाहीत, डोलवतात. अर्ध्या चंद्रासारखा जड दगड, दोन टोकांना धरायचा आणि पाळण्यासारखा एकदा इकडे, एकदा तिकडे. पुढे एका वर्षी इमारत रिकामी करायचा हुकूम आला. गाडीत बिछाने मावले, कोंबड्या मावल्या, पाटा मावला नाही. तो हलवायला चार माणसं लागत. साहेब म्हणाले, नंतर पाठवू. नंतर म्हणजे कधी, हे गरिबाने विचारायचं नसतं.

कोचाबांबातल्या भाड्याच्या खोलीत आईने शेजारणीच्या पाट्यावर वाटलं, पुढे यंत्रात वाटलं, आणि दर वेळी चाखून म्हणाली, "पाणी झालंय." शेवटच्या आजारात तिला माणसं ओळखू येईनाशी झाली, पण पाटा विसरली नाही. एके सकाळी एपिफानियाचा हात धरून ती म्हणाली, "माझा दगड उपाशी आहे गं. एकदा जाऊन त्याला खायला घाल." एपिफानिया हो म्हणाली. त्याला एकतीस वर्षं झाली. आधी मुलं लहान, मग बाजारातला गाळा, मग नवऱ्याचं आजारपण. जायचं म्हटलं की काही ना काही निघायचंच. शिवाय पाटा असेल कशावरून? मग गेल्या वर्षी नातालियाची नात शाळेच्या सहलीला आली आणि तिने काढलेल्या फोटोंत, लाल दोरीच्या मागे, दिव्याखाली तो बसलेला दिसला. त्या रात्री एपिफानिया जेवली नाही.

दहाच्या फेरीला दहाबारा माणसं जमली. पाठीवर पोती घेतलेले दोन परदेशी, एक नवं लग्न झालेलं जोडपं, आणि सुक्रेहून आलेले एक मास्तर, वही-पेन्सिल घेऊन. वाटाड्या वाल्दो मेनाचो पन्नाशीच्या पुढचा, गळ्यात लोकरी मफलर, कमरेला वीतभर लांबीच्या किल्ल्यांचा जुडगा आणि आवाज पाद्र्यासारखा. प्रत्येक दार उघडून सगळ्यांना आत घ्यायचा आणि मागून कुलूप लावायचा. राजाची चांदी अजून आतच असल्यासारखी त्याची ती ऐट बघून नातालियाला हसू आलं.

पहिल्या चौकात कमानीवर तो मोठा हसरा चेहरा टांगलेला होता, द्राक्षांच्या मुकुटाचा, लाल गालांचा. तो कोणाचा, कोणी लावला, यावर वाल्दोने तीन वेगवेगळ्या कथा सांगितल्या. मास्तरांनी तिन्ही लिहून घेतल्या.

"कसा आहेस रे, जाड्या," एपिफानिया हळूच म्हणाली. शाळेत जाताना त्या दोघी त्याला रोज असंच विचारायच्या. न विचारता गेलं की त्या दिवशी मार बसतो, असा त्यांचा अनुभव होता.

"म्हातारा झाला नाही मेला," नातालिया म्हणाली. "आपणच झालो."

मग ती लाकडी यंत्रांची खोली आली. खोली कसली, देवळाचा गाभाराच. तीन पुरुष उंचीची दातेरी चाकं, दुधी भोपळ्यासारखे गुळगुळीत झालेले आस, आणि त्यांच्यामध्ये चांदीची कांब दाबून पत्रा करायचे लोखंडी रूळ. वाल्दो सांगू लागला. हे सगळं सुटं करून समुद्रापलीकडून आणलं, किनाऱ्यापासून इथवर खेचरांच्या पाठीवर चढवलं. खालच्या मजल्यावर खेचरं गोल फिरायची, वर चाकं फिरायची. इतक्या उंचीवर खेचरं काही महिन्यांत मरायची. मग माणसं जुंपली जायची. एका रुळातून पत्रा जाड निघायचा, दुसऱ्यातून पातळ, तिसऱ्यातून नाण्याइतका. मग कातरी, मग तराजू, मग ठसा. हातोड्याचा एक घाव, एक नाणं. तिथून ते नाणं कुठल्या कुठे जायचं, पण या गावात फारसं राहायचं नाही.

तो चांगलं सांगत होता, हे एपिफानियालाही कबूल करावं लागलं. पण तिला दिसत होतं ते वेगळंच. या मोठ्या चाकावर आई कपडे वाळत घालायची. हिवाळ्यात वडिलांची विजार गोठून एवढी ताठ व्हायची की ती काढून भिंतीला उभी करून ठेवता यायची. खाली, जिथे खेचरं मेली, तिथे त्यांच्या कोंबड्या होत्या. चाकाच्या दातांमध्ये लपलं की कोणाच्या बापालाही सापडायचं नाही.

"त्या दात्यात तू अडकली होतीस," ती म्हणाली. "बाबांनी चरबी लावून बाहेर काढलं."

"मी नाही. तू."

"तू गं. मी पाठीमागे हसत होते."

"बायांनो," सुक्रेचे मास्तर वळून म्हणाले, "जरा ऐकू द्याल का?"

"ऐका, ऐका. सुक्रेवाल्यांना ऐकायची फार हौस," नातालिया म्हणाली. "पोतोसीवाले राबले आणि सुक्रेवाल्यांनी कागद लिहिले, तेव्हापासूनचं आहे हे."

परदेशी लोकांना काहीच कळलं नाही, तरी तेही हसले. एपिफानिया हसली नाही. पुढची खोली कोणती हे तिला आता वाटाड्याच्या आधी कळत होतं. बारा पावलं, डावीकडे दोन पायऱ्या, बुटकी चौकट. तिथे वाकायचं, नाहीतर कपाळमोक्ष. वडिलांच्या कपाळावर ती चौकट जन्मभर उठलेली होती. एपिफानिया न बघता वाकली आणि आत आली.

भिंतींवरची काजळी तशीच होती. चुलीच्या जागी आता काचेच्या कपाटात तराजू होते. आणि मधोमध लाल दोरी, दोरीच्या आत पाटा. समोरच्या फलकावर फक्त एवढंच लिहिलेलं: दळणाचा दगड. साल नाही, नाव नाही.

वाल्दोने दार लावलं, मोठे दिवे बंद केले. पाट्यावरचा एकच दिवा राहिला.

"मंडळी," तो खालच्या आवाजात म्हणाला, "या इमारतीत तुम्ही राजांचे चेहरे पाहिलेत. प्रत्येक नाण्यावर राजा. पण ज्याने ही चांदी काढली त्याचा चेहरा कुठे पाहिलात? नाही पाहिलात. त्याचं इथे काहीही नाही. आहे फक्त हा दगड."

त्याने दिव्याखालच्या पाट्याकडे बोट केलं.

"सिल्वेस्त्रे त्याचं नाव. गावाहून वेठीच्या पाळीने त्याला इथल्या चांदीच्या डोंगरात आणलं. डोंगरात दरड कोसळली आणि त्याचा उजवा हात गेला. एक हात गेलेल्या माणसाचा डोंगराला काय उपयोग? म्हणून त्याला इथे बसवला. खनिज दळायला. अकरा वर्षं. बघा, खळगा मधोमध नाही. डाव्या बाजूला आहे, वरवंट्याचंही डावंच टोक झिजलंय. एका हाताने दगड झिजवलाय हा. जगातल्या कुठल्या राजाने असा ठसा उमटवलाय, मला सांगा!"

नवी नवरी मुसमुसून रडायला लागली. मास्तरांनी टोपी काढली. बावीस वर्षं वाल्दो हे सांगत होता आणि इथे टोपी न काढलेला माणूस त्याला आठवत नव्हता.

एपिफानियाला आधी नुसता आनंद झाला होता. दगड आहे, जागेवर आहे, फुटलेला नाही. आणि आता तिच्या आईच्या पाट्यापाशी परकी माणसं भलत्याच कोणासाठी रडत होती. आई या खोलीत कुठेच नव्हती. जिने पंधरा वर्षं इथे गुडघे टेकले, तिच्या जागी कोणी सिल्वेस्त्रे येऊन बसला होता.

नातालियाने तिच्या दंडाला चिमटा काढला. "गप्प राहा हं. मूग गिळून बस. उगाच हात दाखवून अवलक्षण नको."

"आमची आई डावखुरी होती," एपिफानिया म्हणाली.

मोठ्याने म्हणाली. त्या शांततेत ते फारच मोठं वाटलं.

"काय म्हणालात, मामिता?" वाल्दोने विचारलं.

"आई डावखुरी होती आमची. तिचा पाटा आहे हा. चटणीचा. यावर ती मिरच्या वाटायची, आणि तिथे, त्या मास्तरांच्या मागे कपाट आहे ना, तिथे चूल होती. खनिज-बिनिज काही नाही बाबा यावर दळलेलं. दळलं असतं तर आम्ही वाचलो असतो का खाऊन?"

एका परदेशी माणसाने दुसऱ्याला काहीतरी विचारलं. नवऱ्या मुलीचं रडणं अर्ध्यात थांबलं, आता पुढे रडायचं की नाही हे तिला ठरवता येईना. मास्तरांनी टोपी हातात फिरवली, परत डोक्यावर घालावी की काय या विचारात.

"यांचा काहीतरी गैरसमज झालाय," वाल्दो सगळ्यांना म्हणाला. त्याचे कान लाल झाले होते. "म्हाताऱ्या माणसांना सगळे दगड सारखेच दिसतात."

"आणि म्हाताऱ्या दगडांना सगळी माणसं सारखीच, असं समजता वाटतं तुम्ही?" आता नातालियाच्याही नाकाला मिरच्या झोंबल्या. गप्प बसायचा सल्ला तिने दुसऱ्यांसाठी ठेवला होता. "उजव्या कोपऱ्याला टवका आहे बघा. मी पाडलाय, हातोडीने. आणि यावर मी एकदा बसले होते. आई म्हणायची, पाट्यावर बसलं की नवरा म्हातारा मिळतो. एकोणीस वर्षांनी मोठा मिळाला मला! आणखी काय पुरावा हवा?"

सगळे हसले. ते हसू वाल्दोला फार लागलं. त्याने उजव्या कोपऱ्याकडे पाहिलंही नाही. दिवे लावले, दार उघडलं, आणि "फेरी इथे संपते, बाहेरचा रस्ता सरळ" एवढंच पाद्र्याच्या नव्हे, अगदी साध्या माणसाच्या आवाजात म्हणून तो सगळ्यांना घेऊन गेला.

एपिफानिया गेली नाही. ती कपाटाला टेकून उभी राहिली.

"चल," नातालिया म्हणाली. "त्याला पुरता उघडा पाडलास. झालं ना मनासारखं?"

"मी त्याला पाडायला आले होते का इथे?"

"मग?"

एपिफानियाने खिशातून मिरची काढून दाखवली. मिरची बघून नातालियाला एकदम रडूच आलं, आणि ते लपवायला ती म्हणाली, "पोलीस पकडतील आपल्याला. या वयात."

वाल्दो परत आला तेव्हा जुडगा हातात होता. "बाहेर व्हा. अकराची फेरी यायची आहे."

"एवढं सांग," एपिफानिया म्हणाली. "सिल्वेस्त्रे कोण?"

"सांगितलं मघाशी."

"ते लोकांना सांगितलंस. नाव कुठे लिहिलेलं नाही. दगड खनिजाचा नाही, हे काय तुला ठाऊक नाही? डोंगराखाली वाढलेला माणूस तू."

वाल्दोने जुडगा कमरेला अडकवला. मग त्याने पाठीमागचं दार ओढून घेतलं.

"खनिजाचा दगड याच्या चौपट असतो," तो म्हणाला. "मला काय कळत नाही? पाटा आहे हे पहिल्याच दिवशी ओळखलं मी."

"मग रे?"

"सिल्वेस्त्रे माझे आजोबा."

नातालिया डोळे पुसत त्याच्याकडे वळली.

"सुरुंगात उजवा हात गेला त्यांचा. इथवर," वाल्दोने दंड दाखवला. "आजी गाळातलं खनिज निवडायला जायची, संध्याकाळी गरम सूप विकायची. आणि आजोबा घरी बसून तिच्या सूपासाठी मिरच्या वाटायचे. डाव्या हाताने. खाणीतला माणूस, लोक हसायचे त्यांना, बाईचं काम करतो म्हणून. मी जवळ बसायचो. तो आवाज मला अजून झोपेत येतो. मी इथे नोकरीला लागलो, या खोलीत आलो आणि डावीकडे झिजलेला पाटा बघितला. बाई, त्यांचा फोटो नाही आमच्याकडे. थडगं होतं, त्यावरून रस्ता गेला. या सबंध गावात त्यांचं म्हणून काही नाही. मी म्हटलं, इथे राहू दे. दोनचार लोकांनी टोपी काढली तर कोणाचं काय जातंय?" त्याने पाट्याकडे हात केला. "तुमच्या आईचं जातंय, हे मला माहीत नव्हतं."

एपिफानियाला या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. तिला एवढंच वाटलं की आपण एकतीस वर्षं उशीर केला आणि त्यातली बावीस वर्षं हा दगड एकटा नव्हता. कोणीतरी त्याच्यापाशी रोज येऊन आपल्या माणसाचं नाव घेत होतं.

"आईला शब्द दिलाय मी," ती म्हणाली. "दगड उपाशी आहे म्हणाली जाताना. मला एकदाच यावर मिरच्या वाटू दे. परत मी येणार नाही, डॉक्टर येऊ देणार नाही."

वाल्दोने मिरचीकडे पाहिलं. मग दोरीकडे. त्या दोरीच्या आत त्याने बावीस वर्षांत कोणाला बोट लावू दिलं नव्हतं.

"नोकरी जाईल माझी," तो म्हणाला आणि दोरीची कडी काढली. "पंधरा मिनिटं. मी दाराबाहेर उभा आहे."

एपिफानिया गुडघ्यांवर बसली. आधी घागऱ्याच्या काठाने धूळ पुसली, मग पाणी शिंपडून पुन्हा पुसलं. दारूचे दोन थेंब जमिनीला, एक दगडाला. "आम्ही मुद्दाम नाही टाकलं तुला," ती त्याला म्हणाली. "गाडीत जागा नव्हती." हे आईचं वाक्य होतं. आई ते म्हणायची राहून गेली होती.

मिरच्या, मीठ, किर्किन्याची पानं. तिने वरवंटा दोन्ही हातांनी धरला आणि उजव्या हाताचा जोर देऊन डोलवला. तो बसेना. खडखडला, वाकडा पळाला, मिरचीची एक फोड उडून नातालियाच्या अंगावर गेली.

"साठ वर्षं यंत्रात वाटलंस, आता कसलं येतंय," नातालिया म्हणाली.

"गप गं."

मग तिने हात बदलला. डावा पुढे, जोर डावीकडे. वरवंटा एकदम खळग्यात उतरला आणि तिला काही न विचारता स्वतःच डोलायला लागला. गुडुक, गुडुक. तिच्या डाव्या हाताला हे काम कधी शिकवलेलं नव्हतं, पण दगडाला ठाऊक होतं. आईचा हात जिथे जायचा तिथेच तो तिचा हात नेत होता. मिरचीचा वास नाकात गेला, पाठोपाठ किर्किन्याचा, आणि ती खोली भरून गेली: चूल, ओल्या लोकरीचा वास, वडिलांचे बूट, "एपि, पाणी आण," "नाति, उठ त्या पाट्यावरून." एपिफानिया रडत होती आणि वाटत होती. मिरचीने की आईने, ते तिने स्वतःलाही विचारलं नाही.

टोमॅटो चिरडला तेव्हा दार उघडलं. वाल्दो आत आला, दार लावायचं विसरला. तो पाट्याकडे बघत नव्हता, नुसता ऐकत होता. मग तोही खाली बसला, मफलरने तोंड पुसलं, परत बसून राहिला.

नातालियाने बटाटे सोलले. तिघांनी पाट्यावरूनच बटाटा चटणीत बुडवून खाल्ला. वाल्दोला जोरात ठसका लागला, डोळे लाल झाले.

"तिखट आहे," तो म्हणाला.

"आईचा हात तसाच होता," नातालिया म्हणाली. "पोटभर रडून घ्यायचं असलं की लोक मुद्दाम आमच्याकडे जेवायला यायचे."

शेवटची घासभर चटणी एपिफानियाने खळग्यात राहू दिली. तो दगडाचा वाटा. वाल्दो पुसायला गेला तर तिने त्याचा हात धरला. "संध्याकाळी पूस. सावकाश जेवू दे त्याला."

बाहेरच्या चौकात ऊन आलं होतं. त्या खोलीच्या खिडकीखाली जुनी दगडी पायरी होती, तिच्यावर दोघी दम खायला बसल्या. एपिफानियाची छाती धडधडत होती, ओठ जळत होते, आणि कित्येक वर्षांत नव्हतं इतकं तिला हलकं वाटत होतं. समोर कमानीपलीकडे जाड्या हसत होता. आता याला परत बघायचं नाही, हे तिच्या मनात येऊन गेलं. तिने त्याला हात केला.

अकराची फेरी खिडकीपाशी आली तशी वाल्दोचा पाद्र्याचा आवाज ऐकू येऊ लागला.

"...हा पाटा आहे, मंडळी. मिरचीचा. कासिमिरा नावाच्या बाईचा. ती डावखुरी होती. बघा, खळगा डावीकडे आहे."

नातालियाने बहिणीचा हात घट्ट धरला. आत कोणीतरी वास घेऊन काहीतरी विचारलं, थोडं हसू उठलं, मग पुन्हा वाल्दो.

"आणि रोज दुपारी तिच्या दाराशी एक माणूस यायचा. सिल्वेस्त्रे त्याचं नाव. खाणीत उजवा हात गेलेला. तो म्हणायचा, बाई, मला फुकट नको, मी वाटून देतो. ती सरकून त्याला जागा द्यायची. एक दिवस ती वाटायची, एक दिवस तो. म्हणून तर दगड एवढा खोल झिजलाय. दोघांचे डावे हात आहेत ते..."

"अगं बाई!" नातालिया ताडकन उठली. "याच्या जिभेला काही हाड? कुठला सिल्वेस्त्रे? कधी आला होता आपल्याकडे? थांब, जाऊन सांगते त्याला—"

एपिफानियाने तिचा घागरा ओढून तिला खाली बसवलं.

"आला असता तर आईने त्याला दारात उभा ठेवला असता का?"

नातालियाने विचार केला. "नाही," ती म्हणाली. "दोन बटाटे जास्तच वाढले असते."

आत अगदी शांत झालं होतं. टोप्या निघाल्या असणार. एपिफानिया डाव्या हाताची बोटं हुंगत थोडा वेळ बसून राहिली.

"चटणी जरा जास्त वाटायला हवी होती," ती म्हणाली.